पहिली-दुसरीच्या वर्गात चित्रांतून इंग्रजी शब्द: साहित्य कसं करावं, कसं वापरावं

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, आणि वर्गाच्या भिंतींवर इंग्रजीचे तक्तेही आहेत. तरी तक्त्यावरचा घोडा दाखवला की 'हॉर्स' म्हणणारं मूल पुस्तकातल्या दुसऱ्या घोड्यापुढे गप्प बसतं, हे सर्रास दिसतं. तक्ता भिंतीवर होता, पण मुलानं त्याच्याशी काही केलेलंच नव्हतं. चित्र पाहून मुलानं बोट दाखवायला हवं, उचलायला, लावायला, शोधायला हवं. शब्द बसत गेला की तेच चित्र हळूहळू काढूनही घ्यायला हवं. साहित्य करताना आणि वापरताना या दोन गोष्टी सुटल्या, तर बाकी मेहनत वाया जाते.

सुरुवात कोणत्या शब्दांनी

मूल पहिलीत येतं तेच मुळी पुष्कळ इंग्रजी शब्द घेऊन. बस, बॅट, बॉल, पेन, कप, टेबल, फॅन, बटण, सायकल, मोबाइल, केक, बिस्कीट, डॉक्टर, ट्रॅक्टर. पहिल्या आठवड्यात नवा शब्द एकही शिकवू नका. मुलांना घरून रिकामी वेष्टणं, जुन्या पिशव्या, लग्नपत्रिका, जुनी वर्तमानपत्रं आणायला सांगा आणि ओळखीच्या वस्तूंची चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. तीस-चाळीस कार्डं सहज होतात. इंग्रजी आपल्याला येतं, ही खात्री मुलाला इथे मिळते, आणि कार्ड पाहून बोलण्याची सवय ओळखीच्या शब्दांवरच लागते.

दुकानात मिळणाऱ्या बाराखडीवजा इंग्रजी तक्त्यांबद्दल सावध राहा. आय अक्षरासाठी इग्लू, वायसाठी याक, एक्ससाठी झायलोफोन. यातली एकही वस्तू मुलानं पाहिलेली नसते, त्यामुळे चित्रातून अर्थ कळण्याऐवजी चित्रच समजावत बसावं लागतं. झायलोफोनची अडचण आणखी वेगळी आहे. त्यात एक्सचा उच्चार 'झ' होतो, आणि मुलाला पुढे वाचताना लागणार आहे तो 'क्स'. म्हणून एक्ससाठी बॉक्स, फॉक्स, सिक्स हे शब्द घ्या आणि अक्षर शेवटी येतं हे सरळ सांगा. आयसाठी इंक किंवा इन्सेक्ट घ्या. आइस्क्रीम तिथे नको, कारण त्यात अक्षराचा आवाज बदलतो.

चित्र निवडताना

धावणाऱ्या काळ्या कुत्र्याचं एकच चित्र दाखवून 'डॉग' म्हटलं, तर मुलानं काय समजावं? कुत्रा, धावणं की काळा? तिन्ही अर्थ बरोबर असू शकतात. यावर उपाय म्हणजे एका नामासाठी निदान तीन चित्रं: एक काळा कुत्रा बसलेला, एक तपकिरी झोपलेला, एक पिल्लू. तिन्हींत समान काय ते मूल आपणच हेरतं. त्यातलं एक तरी छायाचित्र असावं आणि एक साधं रेखाचित्र. चित्राची पार्श्वभूमी कोरी ठेवा. कुत्र्यामागे घर, झाड, सूर्य, डोंगर काढले की मागच्या बाकावरच्या मुलाला कुत्रा सापडतच नाही.

क्रियापदांसाठी उलटं करावं लागतं. 'जंप' शिकवताना उडी मारणारी मुलगी, बेडूक आणि खेळाडू अशी तीन वेगवेगळी चित्रं घ्या, म्हणजे करणारा बदलतो आणि क्रिया तीच राहते. चित्र दाखवण्याआधी मुलांना ती क्रिया अंगानं करू द्या. विशेषणांसाठी जोडी लागते, आणि जोडीत एकच फरक हवा: एकाच घडणीची, एकाच रंगाची दोन मडकी, एक मोठं, एक लहान. मोठं मडकं आणि लहान वाटी दाखवली तर मूल 'बिग' म्हणजे मडकं समजतं. 'इन', 'ऑन', 'अंडर' यांसाठी चित्र काढत बसू नका. खोकं आणि चेंडू पुरतात. कार्डं नंतर उजळणीला वापरा.

जिथे वस्तूच हाताशी आहे तिथे चित्राचा हट्ट नको. मिरची, कारलं, लिंबू, चमचा, कुलूप, कडुनिंबाचं पान या वस्तू कापडी पिशवीत घालून मुलानं न बघता चाचपून नाव सांगायचं, हा खेळ कुठल्याही रंगीत तक्त्याहून जास्त काळ लक्षात राहतो. शालेय पोषण आहाराच्या वेळी प्लेट, राइस, वॉटर, स्पून हे शब्द रोज आपोआप घोटले जातात.

कार्डं तयार करणं

बाजारात कार्डशीट साधारण 22 बाय 28 इंचांचं मिळतं. 5.5 बाय 7 इंचांची कार्डं कापली तर एका शीटमध्ये नेमकी 16 बसतात, तुकडा वाया जात नाही. हा आकार गटात बसून खेळायला चांगला. पंचवीस-तीस मुलांच्या वर्गाला उभं राहून दाखवायची कार्डं 11 बाय 7 इंचांची करा. एका शीटमध्ये 8 होतात. शब्दपट्ट्या 11 बाय 3.5 इंचांच्या ठेवल्या की एका शीटमध्ये 16 बसतात.

अक्षराची उंची ठरवायला सोपा नियम: दहा फुटांमागे एक इंच. खोली वीस फूट खोल असेल तर उभ्या दांड्याची अक्षरं दोन इंचांपेक्षा लहान नकोत. लिहून झाल्यावर मागच्या भिंतीला पाठ लावून, संध्याकाळच्या मंद उजेडात वाचून बघा. ढगाळ दिवशी लाईट गेलेली असते तेव्हा वर्ग तसाच दिसतो.

शब्द स्मॉल लेटर्समध्येच लिहा. कॅपिटलमध्ये लिहिलेले सगळे शब्द आयतासारखे एकाच ठेवणीचे दिसतात. स्मॉलमध्ये काही अक्षरं वर जातात, काही रेषेखाली उतरतात, आणि त्यामुळे शब्द एकमेकांपासून वेगळे दिसतात. पुस्तकातही नव्वद टक्क्यांहून जास्त अक्षरं स्मॉलच असतात. काळा किंवा गडद निळा जाड मार्कर वापरा. पिवळा, केशरी, पोपटी स्केचपेन जवळून छान दिसतो आणि पाच फुटांवर नाहीसा होतो.

चित्र एका बाजूला आणि शब्द पाठीमागे, असं कार्ड करा. दोन्ही एकाच बाजूला असले की मूल चित्र बघून शब्द म्हणतं, अक्षरांकडे नजर जातच नाही, आणि ते वाचतंय असा आपला गैरसमज होतो. शब्दाखाली देवनागरीत उच्चारही लिहू नका. देवनागरी वाचता येणारं मूल तेवढंच वाचतं आणि वरची इंग्रजी अक्षरं नक्षीसारखी सोडून देतं. उच्चार कानांनीच पोचायला हवा.

लॅमिनेशन टिकाऊ असतं, पण चकचकीत पृष्ठभागावर खिडकीचा उजेड पडला की अर्ध्या वर्गाला पांढरा डागच दिसतो. कार्ड जरा खाली कलतं धरलं तर चमक कमी होते. लॅमिनेशन नसेल तर चारही कडांना रुंद पारदर्शक टेप लावा. फाटायला सुरुवात कडांपासूनच होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कार्डशीट ओल धरतं आणि त्यावर बुरशी येते. तिथे कार्डं झाकणाच्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात ठेवावीत, ऊन पडेल त्या दिवशी तासभर वाळवावीत. मुलं हाताळणार असलेल्या साहित्यात डांबरगोळ्या टाकू नका. त्या पोटात गेल्या तर विषबाधा होते.

एक जुनं साधन पुन्हा करून बघण्यासारखं आहे: खादी फलक. तीन बाय दोन फुटांच्या प्लायवूडवर किंवा जाड पुठ्ठ्यावर फ्लॅनेल किंवा जाडी खादी ताणून चिकटवायची. चित्राच्या पाठीला जाडसर दाण्याच्या पॉलिश पेपरचा तुकडा लावायचा. तळहाताएवढ्या चित्राला एक बाय दोन इंचांचा तुकडा पुरतो. चित्र कापडावर दाबलं की चिकटून राहतं आणि हवं तेव्हा हलवता येतं. फलक अगदी उभा ठेवला तर चित्रं पडतात. वरची कड भिंतीला टेकवून किंचित मागे कललेला ठेवावा. महिन्यातून एकदा कापडावर ब्रश फिरवा, धूळ बसली की पकड जाते.

वर्गात कार्ड कसं चालवायचं

एका बैठकीला पाच नवे शब्द पुरेत, पहिलीत चारही चालतील. वीस मिनिटांपैकी नव्या शब्दांना आठ-दहा मिनिटं आणि उरलेला वेळ जुन्या शब्दांना. सोमवारी पाच, बुधवारी चार-पाच, आणि बाकीचे दिवस फक्त उजळणी अशी घडी चांगली बसते.

कार्ड कोऱ्या पुठ्ठ्यामागून हळूहळू वर सरकवा. आधी शिंग दिसतं, मग कान, मग डोळे. वर्ग अंदाज बांधू लागतो आणि शब्द ऐकायला कान टवकारलेले असतात. कार्ड हनुवटीच्या बाजूला धरा, तोंडासमोर नको. मुलांनी चित्राबरोबर तुमचे ओठही पाहायला हवेत. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, हे बघूनच कळतं. शब्द सुटा न म्हणता 'इट्स अ गोट' असा म्हणा, म्हणजे 'अ' आणि 'ॲन' वेगळे शिकवावे लागत नाहीत.

पुढचा क्रम असा ठेवा, आणि पायरी गाळू नका:

1. फक्त ऐकणं. तीन वेळा शब्द, वाक्यात. मुलं गप्प.
2. बोट दाखवणं. पाच कार्डं भिंतींवर वेगवेगळ्या जागी टाचा आणि 'पॉइंट टू द गोट' म्हणा.
3. हो-नाही. 'इज इट अ गोट?' मुद्दाम चुकीचं कार्डही दाखवा.
4. दोनांतून एक. 'गोट ऑर काऊ?'
5. आता 'व्हॉट इज इट?'
6. दोन-तीन दिवसांनी शब्दपट्टी आणून चित्राशी जुळवणं.

बहुतेक वर्गांत पहिल्या पायरीवरून थेट पाचवीवर उडी मारली जाते. ज्यांना येतं ती चार मुलं ओरडतात, बाकीची ओठ हलवतात. विचारल्यावर मनातल्या मनात तीन अंक मोजेपर्यंत थांबा. हात वर करणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसेल. कोरसमध्ये सगळा वर्ग एकत्र म्हणाला की न येणारं मूल त्या आवाजात लपतं. म्हणून ओळीओळीनं म्हणवून घ्या, आणि बोट दाखवायला सांगताना शेजाऱ्याकडे बघून हात उचलणाऱ्यांवर लक्ष ठेवा. डोळे मिटून बोट दाखवायला सांगितलं की कार्ड कुठल्या भिंतीवर आहे हे कोणाला खरंच ठाऊक आहे ते लगेच समजतं.

उजळणीला सगळ्यात उपयोगी खेळ म्हणजे 'व्हॉट्स मिसिंग?' सहा कार्डं फळ्याच्या कडेला लावा, मुलांनी डोळे मिटायचे, एक काढून घ्या. इथे मूल समोर नसलेल्या चित्राचं नाव आठवून सांगतं. खेळ रंगला की एकेक करत सगळी कार्डं काढा आणि रिकाम्या जागांकडे बोट दाखवून क्रमानं नावं म्हणवून घ्या.

मराठीत अर्थ सांगावा का? चित्र संदिग्ध असेल तर एकदा सांगा आणि पुढे जा. पण दर कार्डाला 'गोट म्हणजे शेळी' अशी जोड दिली की मूल पहिल्या शब्दाकडे दुर्लक्ष करून दुसऱ्याची वाट बघतं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारमध्ये भिली-पावरी बोलणाऱ्या घरांतून मुलं येतात. त्यांना मराठीही शाळेतच शिकायची असते, त्यामुळे मराठी अर्थ म्हणजे दुसरा अडथळा ठरू शकतो. अशा वर्गात चित्र आणि वस्तू मुलाच्या घरच्या शब्दाशी थेट जोडता येतात. 'याला तुमच्याकडे काय म्हणतात?' हे आधी विचारा, ते नाव मुलांकडून म्हणवून घ्या, मग इंग्रजी नाव द्या.

कोणते शब्द एकत्र शिकवू नयेत

पाठ्यक्रम आणि तक्ते शब्दांना गटांत बांधतात: सगळे रंग, सगळी फळं, आठवड्याचे वार. सारख्या जातीचे शब्द एकाच दिवशी नव्यानं शिकवले तर ते एकमेकांत गुंततात. टिंकहॅम यांनी 1993 मध्ये आणि वॉरिंग यांनी 1997 मध्ये मोठ्या माणसांवर केलेल्या प्रयोगांत असे शब्द शिकायला जास्त वेळ लागल्याचं दिसलं होतं. लहान वर्गात ट्यूसडे-थर्सडे, लेफ्ट-राइट, हॉट-कोल्ड यांची गल्लत कोणत्याही शिक्षकानं पाहिलेली असते. म्हणून जोडीतला एकच शब्द आधी द्या. 'हॉट' पक्का होऊ द्या, आठ-दहा दिवसांनी 'कोल्ड' आणा. पाच रंग एका दिवशी देण्यापेक्षा रेड, ट्री, रन, बकेट, अंडर असे वेगवेगळ्या जातीचे शब्द एका प्रसंगात गुंफा. रंगांचा तक्ता उजळणीला वापरा, पाचही रंग येऊ लागल्यावर.

रंगांच्या बाबतीत आणखी एक. एखादा मुलगा लाल आणि हिरवा सतत चुकत असेल तर मराठीतही विचारून बघा. रंगांधळेपणा मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो. तसं वाटलं तर पालकांना डोळे तपासून घ्यायला सांगा, आणि त्या मुलाला रंगावरून ओरडू नका.

उच्चारांतही काही जोड्या मराठी कानाला अवघड जातात. बोलताना ह्रस्व-दीर्घावरून आपल्याकडे अर्थ क्वचितच बदलतो, त्यामुळे 'शिप' आणि 'शीप' मुलाला एकच ऐकू येतात. 'पेन' आणि 'पॅन', 'बेड' आणि 'बॅड' यांचंही थोडंफार तसंच. दोन्ही शब्द वेगवेगळे पक्के झाल्यावर जहाज आणि मेंढीची कार्डं शेजारी ठेवा, एकच शब्द म्हणा, मुलानं कार्ड उचलायचं. आधी कान तयार होऊ द्या, उच्चार सुधारणं नंतर.

अनेकवचनाचा 'एस' मुलं गाळतात. त्यासाठी घडीचं कार्ड करा: 14 इंचांची पट्टी, मिटलेली असताना एक आंबा दिसतो, उघडली की तीन. मिटून 'वन मँगो', उघडून 'थ्री मँगोज'. उघडताना शेवटचा आवाज जरा लांबवा.

आठवडी बाजाराचं मोठं चित्र

सुटे शब्द जमले की ते एका दृश्यात यायला हवेत. पूर्ण कार्डशीटवर आठवडी बाजार काढा: भाजीवाली, तराजू, टोपलीत केळी, बांगड्यांचं दुकान, शेळी ओढणारा माणूस, झाडाखाली सायकल, एसटी. बारा-पंधरा वस्तूंपेक्षा जास्त नकोत आणि त्यातल्या निम्म्या आधी शिकवलेल्या असाव्यात. शेळी, मुलगी, सायकल, टोपली या आकृत्या सुट्या कापून खादी फलकावर लावता आल्या तर उत्तम, कारण त्या हलवता येतात.

पहिल्या दिवशी फक्त शोधणं: 'व्हेअर इज द सायकल?' मुलानं येऊन बोट ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मोजणं: 'हाऊ मेनी बनानाज?' तिसऱ्या दिवशी शेळी उचलून झाडाखाली, एसटीजवळ, टोपलीत ठेवा आणि जागा विचारा. टोपलीतली शेळी बघून वर्ग हसतो, आणि 'इन द बास्केट' त्या हसण्याबरोबर बसतं. चौथ्या दिवशी कोण काय करतंय ते. एकच चित्र आठवडाभर पुरतं. रोज नवं चित्र आणलं तर मुलांचा निम्मा वेळ चित्र समजून घेण्यातच जातो.

फळ्यावर समोर काढलेलं काडीचित्रही तितकंच चालतं. टप्प्याटप्प्यानं काढा, दर रेघेनंतर थांबून 'व्हॉट इज इट?' विचारा. चित्रकला चांगली नसली तरी चालते, कारण चित्र ओळखू येईपर्यंत मुलं अंदाज करत राहतात. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपचे व्हिडिओ दाखवत असाल, तर आधी आवाज बंद करून दाखवा, मध्येच थांबवा आणि पडद्यावर काय दिसतंय ते विचारा.

भिंत आणि डबा

दार, खिडकी, फळा, पंखा, कपाट, घड्याळ, सगळ्यांवर नावांच्या पट्ट्या लावल्या की पंधरा दिवसांत त्या कोणालाच दिसेनाशा होतात. एका वेळी सहा ते आठ पट्ट्या ठेवा आणि त्यांना रोज काम द्या: 'क्लोज द विंडो', 'टच द क्लॉक'. अधूनमधून दोन पट्ट्या मुद्दाम अदलाबदल करा आणि चूक कोण पकडतं ते पाहा. सहा-सात वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असते. छताजवळचे तक्ते तपासणीला आलेल्या साहेबांनाच दिसतात. मुलाचा हात पोचेल तिथे सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लावा, म्हणजे मुलंच ती काढतील-लावतील.

उजळणीसाठी सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात मांडलेली डब्यांची पद्धत वर्गात सहज चालते. चपलांची तीन रिकामी खोकी घ्या. नवी कार्डं पहिल्या खोक्यात, ती रोज काढायची. दुसऱ्यातली मंगळवारी आणि शुक्रवारी. तिसऱ्यातली फक्त शनिवारी. कार्ड पुढे कधी सरकवायचं? आयत्या वेळी निवडलेल्या तीन मुलांना विचारा. तिघांनाही आलं तर पुढच्या खोक्यात, एक जरी चुकलं तर पुन्हा पहिल्यात. हुशार मुलांनाच विचारलं तर कार्डं भराभर पुढे जातात आणि पुढच्या महिन्यात वर्ग कोरा असतो. तिसऱ्या खोक्यात पोचलेलं कार्ड उलटं वापरायला लागा: शब्दाची बाजू आधी, चित्र ताळ्यापुरतं.

तपासणी

रोज पाच मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं. पण शिकवताना वापरलेलं कार्ड दाखवू नका. त्याच वस्तूचं मुलानं कधी न पाहिलेलं चित्र, मोबाइलमधला फोटो किंवा खरी वस्तू दाखवा. ओळखलं तर शब्द आला. ओळखलं नाही तर लगेच जुनं कार्ड दाखवा. जुन्या कार्डाला उत्तर येतं आणि नव्याला येत नाही, याचा अर्थ मुलाला ते कार्ड पाठ आहे. त्याला आणखी दोन-तीन वेगळी चित्रं मिळायला हवीत. दोन्हीला येत नसेल तर बोट दाखवण्याच्या पायरीवर परत जा. चित्र ओळखतं, नाव सांगतं, पण पट्टी वाचता येत नाही, अशा मुलाला नव्या चित्रांची गरज नाही. त्याच्यासमोर तीन पट्ट्या ठेवा, शब्द उच्चारा, आणि पहिल्या अक्षरावरून योग्य पट्टी उचलायला लावा.